भोपाळच्या कचऱ्यावर मोर्चा, पीथमपुरच्या वाफेवर मौन!



२ जानेवारी २०२५ रोजी भोपाळहून निघालेले बारा कंटेनर पीथमपुरात पोहोचले. युनियन कार्बाइडच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा त्यांत होता. दुसऱ्याच दिवशी पीथमपुर बंद झाले, रस्ते अडले, लाठ्या चालल्या, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून घेऊन पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. धार, इंदूर, देवास, सगळीकडून ज्ञापने गेली. आपल्या समाजाची मंडळीही त्यात मागे नव्हती, आणि ते योग्यच होते. पुढे हायकोर्टाच्या देखरेखीखाली तीन चाचण्या झाल्या. ताशी १३५ किलो, मग १८०, मग २७० या वेगाने कचरा जाळून पाहिला आणि जून २०२५ अखेर सगळा संपवला. हे आकडे मला पाठ आहेत, तुम्हालाही असतील. किती आला, किती जळला, किती वेगाने जळला, चिमणीतून काय निघाले, सगळे वर्तमानपत्रांत छापून आले.

आता एक प्रश्न विचारतो. पीथमपुरचे आपले स्वतःचे कारखाने रोज किती किलो सॉल्व्हंट हवेत सोडतात? हा आकडा कोणी कोठे छापलेला पाहिला आहे काय? कोणत्या चौकातल्या फलकावर? कोणत्या पुढाऱ्याच्या भाषणात? बाहेरून आलेल्या ३३७ टनांसाठी आपण गाव डोक्यावर घेतले, आणि घरातून रोज निघणाऱ्या वाफेवर चकार शब्द नाही. कारण उघड आहे. भोपाळचा कचरा परका होता. ही वाफ आपल्या पगाराबरोबर येते.

सॉल्व्हंटला मराठीत द्रावक म्हणतात, पण सेक्टर १ पासून खेड्यापर्यंत सगळे सॉल्व्हंटच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. औषधाची भुकटी विरघळवायला, रंग पातळ करायला, प्लास्टिकच्या वेष्टनावरची शाई वाहती ठेवायला, यंत्राचे भाग धुवायला ते लागते. टोल्युइन, ॲसिटोन, मेथॅनॉल, आय.पी.ए., इथाइल ॲसिटेट आणि औषध कारखान्यांत ज्याला नुसते एम.डी.सी. म्हणतात ते मिथिलीन डायक्लोराइड. या सगळ्यांचा गुण एकच. काम झाले की त्यांनी उडून जायचे. रंग वाळतो म्हणजे काय होते? थिनर हवेत जाते. तयार मालात सॉल्व्हंट राहायलाच नको असते, म्हणून विकत घेतलेला जवळजवळ प्रत्येक लिटर एक तर पकडून परत वापरावा लागतो, नाही तर तो कोठे तरी जातोच. एम.डी.सी. ४० अंशांना उकळते. मे महिन्यातली आपल्या माळव्याची दुपार आठवा आणि पत्र्याच्या शेडखाली उघडे पडलेले एक पिंप डोळ्यांपुढे आणा. त्याला भट्टीची गरजच नाही.

आणि ही वाफ निरुपद्रवी नाही. एम.डी.सी. श्वासातून आत गेले की शरीरात त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेने २०२४ साली त्याचे घरगुती सगळे आणि औद्योगिक बहुतेक वापर बंद करण्याचा नियम काढला. टोल्युइनने डोके जड होते, गुंगी येते. या वाफांना ट्रकच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन भेटले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो छातीला वाईट आणि गव्हालाही वाईट. शेत धारला आणि नोकरी पीथमपुरला असलेल्या कुटुंबांनी याचा जरूर विचार करावा. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, खोलगट जागी साचते आणि ठिणगीची वाट पाहते. २१ ऑगस्ट २०२४ रोजी आंध्रातल्या अच्युतापुरम येथे औषध कारखान्यात पाइपातून सॉल्व्हंट गळले, वाफ पसरली, पेटली आणि १७ माणसे गेली. तेही आपल्यासारखेच विशेष आर्थिक क्षेत्र होते.

“पण आमच्याकडे हवा मोजण्याचे यंत्र आहे,” असे उत्तर मिळते. आहे. पीथमपुरला सेक्टर २ मध्ये आहे, देवासला भोपाळ चौराह्यावर आहे. त्यावरून जो हवेचा निर्देशांक काढतात तो आठ गोष्टींचा असतो: दोन प्रकारची धूळ, सल्फर आणि नायट्रोजनचे डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. टोल्युइन त्यात नाही, एम.डी.सी. नाही, ॲसिटोन नाही. देशाच्या २००९ च्या हवा मानकांत बेन्झीन आहे, तेवढेच एक. तेव्हा मोबाइलवर हिरवा रंग दिसला म्हणजे नाकाला येणारा गोडसर वास खोटा ठरतो, असे कृपा करून कोणी सांगू नये.

मी बँकेत कारकून आहे. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नाही, मी बी.कॉम. झालेला माणूस. पण या प्रश्नाचे मूळ मला प्रयोगशाळेपेक्षा वहीत जास्त दिसते. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला प्रोसेस अकाउंट असे. शंभर किलो माल घातला, त्यात पाच टक्के ‘नॉर्मल लॉस’ धरा. या पाच किलोंची किंमत उरलेल्या पंचाण्णव किलोंवर वाटून टाका. गणित सुटले, मार्क मिळाले. ते पाच किलो गेले कोठे, हा प्रश्न पेपरात कधीच नव्हता. कारखान्याच्या हिशेबातही तो नाही. नॉर्मल लॉस गिऱ्हाइकाच्या बिलात जिरला की मालकाला त्याची टोचणी राहत नाही. पण तारपुऱ्याच्या पोराच्या छातीला तो नॉर्मल आहे का, हे कोणत्या खात्यात टाकायचे?

आता टक्केवारीची गंमत पाहा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय बल्क ड्रगच्या प्रकल्पांना मंजुरीपत्र देते तेव्हा त्यात सॉल्व्हंटविषयी ठरावीक अटी असतात. रिॲक्टरला ब्राईनने, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली थंड केलेल्या खारट पाण्याने, गार ठेवलेला कंडेन्सर जोडावा. पंपांना मेकॅनिकल सील असावेत. साठवणीच्या टाक्यांना ब्रीदर व्हॉल्व्ह आणि व्हेंट कंडेन्सर असावेत. आणि कंडेन्सर एवढा मोठा असावा की ९५ टक्क्यांहून अधिक सॉल्व्हंट परत मिळेल. अटी चांगल्या आहेत, मला त्यांविषयी तक्रार नाही. पण पंचाण्णव टक्के ऐकून जो खुश होतो त्याने चक्रवाढ व्याज उलटे लावून पाहावे. शंभर लिटर सॉल्व्हंट, दर बॅचला पाच टक्के तूट, वरून भर घातली नाही तर चौदाव्या बॅचला निम्म्याहून कमी उरते. दर बॅचला पाच लिटरची भर घालत गेले तर वीस बॅचेसमध्ये मूळच्या साठ्याएवढे, म्हणजे शंभर लिटर, कोठे तरी निघून गेलेले असतात. तेच काम ९९ टक्के वसुलीवर केले तर निम्मे व्हायला एकोणसत्तर बॅचेस लागतात. चार टक्क्यांचा फरक, पण बँकेत बसलेल्या माणसाला चार टक्के म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

आणि हे पंचाण्णव तरी खरे कधी? ब्राईन खरोखर थंड असेल तेव्हा. विजेचे बिल वाचवायला ब्राईनऐवजी साधे गार पाणी, म्हणजे सात अंशांचे, कंडेन्सरमधून फिरवले तर व्हेंटमधून निघणाऱ्या हवेत घनफळाने पाव हिस्सा एम.डी.सी.ची वाफच असते. उणे दहा अंशांवर आणले तरी नववा हिस्सा उरतो. म्हणजे कंडेन्सर बसवला आहे की नाही हे विचारून भागत नाही, तो किती अंशांवर चालला याचा रोजचा कागद मागावा लागतो. तपासणीला येणारे साहेब कंडेन्सर पाहतात, टिक करतात आणि चहा घेऊन जातात. थर्मामीटर पाहतात का?

शिवाय सगळी वाफ चिमणीतून जातच नाही. सेंट्रिफ्यूजचे झाकण उघडून ओला माल खोऱ्याने काढताना जाते, तो माल ट्रेमध्ये पसरून ड्रायरपर्यंत नेताना जाते, पिंपातून बादलीत ओतताना जाते, व्हॅक्यूम पंपाच्या पाण्याबरोबर गटारात जाते. यावर इलाज आहेत आणि ते नवे नाहीत. गाळणे, धुणे आणि सुकवणे एकाच बंद भांड्यात करणारी फिल्टर ड्रायरची यंत्रे आहेत. झाकण बंद ठेवून आत नायट्रोजन भरणारे सेंट्रिफ्यूज आहेत. पाणी न वापरणारे कोरडे व्हॅक्यूम पंप आहेत. शाई आणि चिकटपट्टीच्या कारखान्यांसाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचे दोन डबे लावतात. एक वाफ शोषतो, तेवढ्यात दुसऱ्यातून पाण्याची वाफ सोडून अडकलेले टोल्युइन बाहेर काढतात. टोल्युइन पाण्यात मिसळत नाही, तुपासारखे वर तरंगते, काढून घ्या आणि परत वापरा. आय.पी.ए. आणि ॲसिटोन मात्र पाण्यात मिसळतात, तिथे डिस्टिलेशनचा खर्च वाढतो, हे खरे. सर्वांत उत्तम म्हणजे सॉल्व्हंट वापरायचेच नाही. गोळ्यांवरचे कोटिंग पूर्वी सर्रास आय.पी.ए. आणि एम.डी.सी.त व्हायचे, आता बरेचसे पाण्यात होते. गाड्यांच्या पत्र्याला पहिला थर पाण्यात बुडवून विजेने चढवतात. मोठ्यांनी हे केले. प्रश्न त्यांच्या सावलीत चालणाऱ्या लहान जॉबवर्कवाल्यांचा आहे, जिथे रंगाच्या बूथमागे पाण्याचा पडदा दाखवून “सर, सगळे कंट्रोलमध्ये आहे” म्हणतात. पाण्याचा पडदा रंगाचे थेंब पकडतो. थिनरची वाफ त्याला नमस्कार करून बाहेर पडते!

“एवढे सगळे मोजायचे कसे? शक्य नाही,” असा मालकांचा जुना सूर आहे. इथे मात्र माझा प्रांत सुरू होतो. ज्या कारखान्याने बँकेकडून कॅश क्रेडिट घेतले आहे तो दरमहा स्टॉक स्टेटमेंट देतो. सुरुवातीचा साठा, महिन्यातली खरेदी, वापर, अखेरचा साठा, सगळे असते त्यात. त्यावरूनच त्याला किती रक्कम उचलता येईल हे ठरते, म्हणून एक पिंपही सुटत नाही. पुढे वार्षिक ऑडिट आहे, जी.एस.टी. आहे. बँकेसाठी पिंप न पिंप मोजता येते आणि प्रदूषण मंडळासाठी मोजता येत नाही, हे कोणाला पटवता?

दुसऱ्या बाजूने पाहा. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरून खराब झालेले सॉल्व्हंट पहिल्याच अनुसूचीत आहे. ते कारखान्याबाहेर पाठवायचे तर सोबत मॅनिफेस्टचा कागद जातो, आणि वर्षाचे विवरण ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये मंडळाला द्यावे लागते. म्हणजे पिंपात राहिलेल्या सॉल्व्हंटला पासबुक आहे. जे उडून गेले त्याला नाही. परिणाम उलटाच होतो. जो शिस्तीने गोळा करतो त्याच्या विवरणात कचरा जास्त दिसतो आणि जो शेडमध्ये उघडे ठेवून वाळू देतो त्याचे विवरण स्वच्छ!

युरोपने हा तिढा १९९९ सालीच सोडवला. त्या वर्षीच्या सॉल्व्हंट निर्देशात वार्षिक ताळेबंदाची पद्धत आली. वर्षभरात किती आत आले, किती मालात गेले, किती कचऱ्यात, किती सांडपाण्यात, किती जाळून नष्ट केले, किती विकले, आणि उरले ते हवेत. औषधनिर्मितीत वर्षाला ५० टनांपेक्षा जास्त सॉल्व्हंट वापरणाऱ्यांना मर्यादा घातली: नव्या कारखान्याने आत आलेल्या सॉल्व्हंटच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त हवेत सोडायचे नाही, जुन्याने १५ टक्क्यांपेक्षा. जुन्यांना ऑक्टोबर २००७ अखेरपर्यंत मुदत होती. यात कोठेही महागडे रहस्य नाही. डेबिट आणि क्रेडिट आहे, आणि फरक सहीनिशी कबूल करायचा आहे.

आपल्याकडे गोळीच्या आतले सॉल्व्हंट मोजतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तयार औषधात एम.डी.सी. दहा लाखांत ६०० भागांहून जास्त नको, टोल्युइन ८९० हून जास्त नको, बेन्झीन फक्त २. एक बॅच नापास झाली तर माल परत येतो, म्हणून त्यासाठी लाखोंची यंत्रे आहेत आणि ती चालवणारी आपलीच मुले-मुली आहेत. गोळी खाणाऱ्याची एवढी काळजी, आणि गोळी बनते त्या शेडच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्याची शून्य.

रोजगाराचा प्रश्न मला कोणी शिकवू नये. हे कारखाने बंद पडले तर आमच्या काउंटरवरच्या पासबुकांत काय दिसेल ते मला ठाऊक आहे. कारखाने जावेत असे मी म्हणत नाही. उडून जाणारे सॉल्व्हंट पैसे देऊन आणलेले असते, ते पकडणे म्हणजे खरेदी कमी करणे. हो, ब्राईनची वीज लागते, कर्ज काढावे लागते, लहान युनिटला हे एकट्याने झेपणार नाही. मग दहा जणांनी मिळून एक वसुली केंद्र काढावे आणि औद्योगिक विकास निगमाने त्यासाठी जमीन द्यावी. टेस्ट ट्रॅकला जागा मिळते, याला का मिळू नये? आणि “आमचे फॉर्म्युले बाहेर पडतील” ही सबब तर नकोच. कोणत्या औषधात काय घालता हे विचारलेले नाही. वर्षभरात टोल्युइन किती आले आणि किती गेले, एवढेच सांगा.

कायद्याची भीती म्हणाल तर तीही पातळ झाली आहे. जनविश्वास कायद्याने हवा कायद्याच्या बहुतेक कलमांतला तुरुंगवास गेला आणि १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाखांचा दंड आला. व्यापारी माणूस दंड आणि विजेचे बिल शेजारी शेजारी मांडून पाहतो. त्यात २००६ च्या अधिसूचनेनुसार मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीची सूट आहे. म्हणजे गावाला विचारायचीही सोय नाही.

तेव्हा विचारायचे कोणी? इथे मला आपल्याच मंडळींशी बोलायचे आहे. उदाजीराव पवारांच्या काळापासून आपली घराणी या मुलखात आहेत. आपण धारच्या किल्ल्याचे दगड सांगतो, देवासच्या दोन पात्यांच्या गोष्टी सांगतो. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला राहायला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी, हे दर पाहुण्याला अभिमानाने सांगतो. त्या हवेत आज काय आहे हे विचारायची वेळ आली की मात्र आपण गप्प. कारण परचेसमध्ये आपला भाचा, अकाउंट्समध्ये आपला मेहुणा, क्वालिटीत सूनबाई, आणि स्मरणिकेच्या मागच्या पानावर कारखान्याची जाहिरात. भोपाळच्या कंटेनरपुढे घोषणा देणे सोपे होते, तिथे आपले कोणी कामाला नव्हते.

एक सावधगिरी मात्र हवी. रात्री वास आला की “अमक्याने रात्रीच सोडले” असे बोट दाखवायची आपल्याकडे सवय आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, दिवसा विरून जाणारा वास त्यामुळेही साचतो. कोणाचा किती हे नाकाने ठरवता येत नाही. म्हणूनच ताळेबंद हवा, प्रामाणिकपणे चालणाऱ्यालाही तोच वाचवील.

मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. वर्षाला ठरावीक टनांच्या वर सॉल्व्हंट वापरणाऱ्या प्रत्येक पीथमपुर आणि देवासच्या कारखान्याने प्रत्येक सॉल्व्हंटचा वार्षिक ताळेबंद, चार्टर्ड अकाउंटंटने खरेदीच्या वहीशी पडताळलेला, संमतीपत्राच्या नूतनीकरणासोबत द्यावा. प्रदूषण मंडळाने तो जाहीर करावा. व्हेंट कंडेन्सरच्या तापमानाची नोंद तपासणीत घ्यावी. आणि नगरपालिकेच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला याविषयी लेखी भूमिका मागावी. मसुदा कार्यालयात ठेवला आहे. जी मंडळी कारखान्यांच्या स्टोअर्समध्ये, परचेसमध्ये किंवा अकाउंट्समध्ये आहेत त्यांनी तो जरूर वाचावा, आणि ताळेबंदातला कोणता रकाना राहिला ते कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे. नाव घालण्याची गरज नाही.